केशराचं दूध, डोहाळे आणि आमच्या घरातली बासुंदी

कोजागिरी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर केशराच्या फायद्यांचा तो मेसेज हमखास फिरतो. पिवळ्या बॅकग्राउंडवर लाल अक्षरं, १०० ग्रॅम केशरात लोह ११ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ८० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २६४, मॅंगनीज २८, आणि खाली मोठ्ठ्या अक्षरात "रोज घ्या, निरोगी राहा". आकडे खोटे नाहीत बरं का, पोषणाच्या तक्त्यांमध्ये साधारण असेच आहेत. पण १०० ग्रॅम केशर खातंय कोण? आपल्या घरात येते ती एक ग्रॅमची डबी, आणि ती सुद्धा पाडव्यापासून दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वापरायची असते.

म्हणून मी एकदा नीट हिशोबच मांडला. एका ग्रॅममध्ये केशराच्या साधारण साडेचारशे ते पाचशे काड्या बसतात, म्हणजे एक काडी जेमतेम २ मिलिग्रॅमची. ग्लासभर दुधात आपण चांगला हात सोडून १० काड्या टाकल्या तरी झालं २० मिलिग्रॅम केशर, आणि त्यात लोह किती, तर ०.००२ मिलिग्रॅम. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी लोहाची गोळी फुकट मिळते तिच्यात लोह असतं ६० मिलिग्रॅम, वर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. आता ही दोन्ही शेजारी ठेवून बघा. क जीवनसत्त्वाचं तेच, अर्ध्या लिंबाशी सुद्धा १० काड्यांची बरोबरी होत नाही. त्या केशर दुधात पोषण आहेच की, पण ते दुधाचं आहे, बदामाचं आहे. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध घरी आणून तापवून प्यायलात तर त्यातलं प्रोटीन आणि कॅल्शियम खरं, केशर नसलं तरी खरं.

हे एवढं घोळवून सांगायचं कारण म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला दिवस गेल्याचं कळलं तसं घरात केशराच्या डब्यांची रांगच लागली, माहेरून एक, मावशीकडून एक, शेजारच्या काकूंनी तर काश्मीरला जाऊन आलेल्या कुणाकडून तरी खास मागवून दिली. आणि प्रत्येक डबीबरोबर तेच वाक्य, "रोज रात्री दुधातनं घे हं, बाळ गोरं होतंय." तिला दुधाचा वास सुद्धा सहन होत नव्हता त्या दिवसांत. एक दिवस स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, रोज घ्यायलाच पायजे काय ओ? नाही घेतलं आणि बाळ सावळं झालं तर सगळे मलाच म्हणतील." मला त्या वाक्याचा इतका त्रास झाला. पोटातल्या बाळाच्या रंगाची जबाबदारी आपण एका ग्लासावर टाकतो आणि तो ग्लास त्या बाईच्या हातात देतो, तिला मळमळतंय का, तिला झोप लागते का हे कुणी विचारत नाही.

तर ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांच्यासाठी स्पष्ट लिहिते. कातडीचा रंग ठरतो तो मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर, आणि ते किती तयार व्हायचं हे आईबापाकडून आलेल्या जनुकांवर. केशर खाल्ल्यानं बाळ गोरं होत नाही, नाही म्हणजे नाही. आणि सावळं झालं तर काय बिघडलं, आपल्या विठोबाला आपण सावळाच म्हणतो आणि त्याच्यासाठी पंढरपूरला चालत जातो. दुसरं, जेवणात चवीपुरत्या दोनचार काड्या पडल्या तर काळजीचं कारण नाही, पण चिमूटचिमूट करून रोज जास्त प्रमाणात घेणं गरोदरपणात नकोच, कारण मोठ्या प्रमाणातलं केशर गर्भाशयाला आकुंचन आणू शकतं. गरोदर नसलेल्यांसाठी सुद्धा दिवसाला दीड ग्रॅमपर्यंत सुरक्षित धरतात आणि ५ ग्रॅमच्या वर ते विषारी ठरतं. तेवढं कुणी खाणार नाही हे मला पण कळतंय, खिशालाच परवडायचं नाही, पण "नैसर्गिक आहे, कितीपण घ्या" हे वाक्य चुकीचं आहे एवढं लक्षात ठेवा. आमच्या सासूबाईंना मी हे सगळं डॉक्टर मॅडमच्या तोंडून ऐकवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासनं जावेला दुधाऐवजी ताक आणि भाकरी मिळायला लागली. ती भाकरी तिनं किती आनंदानं खाल्ली!

मग केशरात काहीच नाही काय? आहे, भरपूर आहे, फक्त ते कॅलरी आणि लोहाच्या रकान्यात सापडत नाही. केशरात तीन मुख्य गोष्टी आहेत. क्रोसिन, ज्यामुळं तो सोनेरी रंग येतो. पिक्रोक्रोसिन, ज्यामुळं जिभेवर बारीक कडवटपणा येतो. आणि सॅफ्रनाल, म्हणजे वास. यात मजा अशी की सॅफ्रनाल ताज्या फुलात फारसं नसतंच, केशर वाळवताना पिक्रोक्रोसिन तुटतं आणि त्यातनं हा वास तयार होतो, म्हणजे वाळवणाराच्या हातात अर्धं केशर. क्रोसिन हे गाजरातल्या कॅरोटीनच्या घराण्यातलंच, पण त्याला साखरेचे रेणू चिकटलेले असतात म्हणून ते पाण्यात विरघळतं. गाजर हलव्यात तूप नारिंगी होतं बघा, केशर तुपात टाकलं तर तूप तसं रंगत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की केशर कसं वापरायचं याचे निम्मे प्रश्न सुटतात, त्यावर खाली येतेच.

औषध म्हणून त्याच्यावर अभ्यास झालेत हे पण खरं. सौम्य ते मध्यम नैराश्यात रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क देऊन फायदा दिसल्याचे प्रयोग आहेत, बरेचसे इराणमधले, आणि बहुतेक छोट्या गटांवरचे. मला त्यात रस वाटतो, पुढं मोठे अभ्यास व्हावेत असं वाटतं, पण म्हणून कुणी चालू गोळ्या बंद करून केशर दूध प्यायला लागू नका, प्लीज. मनाच्या आजाराला आपल्याकडं आधीच लोक घरच्या घरी गुंडाळून ठेवतात.

आता महाग का, हे एकदा कळलं की काडी वाया घालवायला हात धजत नाही. जगातलं साधारण ९० टक्के केशर इराणमध्ये पिकतं. आपल्याकडं काश्मीर, आणि त्यात पुलवामा जिल्ह्यातलं पांपोर. तिथल्या करेवा म्हणतात त्या उंचावरच्या पठारी मातीत ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जांभळी फुलं येतात, दोनतीन आठवड्यांचा काय तो सीझन. फुलं सकाळी लवकर खुडायची, आणि प्रत्येक फुलातनं तीन लाल तंतू हातानं वेगळे करायचे. मशीन नाही. किलोभर सुकं केशर व्हायला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. बरं या झाडाला बी धरत नाही, कंदापासून कंद, असंच माणसानं पिढ्यान्‌पिढ्या जपत आणलेलं पीक आहे. काश्मीरच्या केशराला २०२० साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याचा भाव किलोला ५ लाखांच्या पुढं गेल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे ग्रॅमला ५०० रुपये. कुणी यात्रेत नाहीतर पर्यटनस्थळी १०० रुपयाला चांगली भरलेली डबी "ओरिजनल काश्मिरी" म्हणून देत असेल तर हिशोब तुम्हीच करा.

भेसळीत सगळ्यात जास्त काय चालतं तर करडईच्या फुलाच्या पाकळ्या. होय, आपली सोलापूर मराठवाड्यातली करडई! तिची वाळलेली पाकळी लालसर केशरी दिसते आणि न बघितलेल्याला लगेच फसवते. त्याशिवाय रंगवलेलं मक्याचं कणीस, म्हणजे त्याचे ते केस, रंगवलेले कसलेतरी धागे, आणि वजन वाढवायला तेल किंवा मध लावलेलं खरं केशर. माझी ओळखायची पद्धत साधी आहे. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत गार पाणी घ्यायचं, दोन काड्या सोडायच्या आणि लांबून बघत बसायचं. खरी काडी घाई करत नाही. आधी काहीच होत नाही, मग काडीच्या टोकाकडनं पिवळी रेघ सुटते, ती खाली उतरते, दहापंधरा मिनिटात पाणी सोनेरी पिवळं होतं आणि काडी मात्र लालच राहते. खोट्याचं उलट, टाकल्या टाकल्या लाल नाहीतर शेंदरी रंग भसकन सुटतो आणि काडी पांढरी पडते. मग ती भिजलेली काडी बोटावर घेऊन उजेडात धरायची, एक टोक बारीक आणि दुसरं टोक तुतारीसारखं पसरट, कडेला बारीक कातरलेलं दिसलं पाहिजे. पाकळीला किंवा धाग्याला हा आकार येत नाही. वास गोडसर, मधासारखा, पण जिभेवर ठेवलं की किंचित कडू. चवीला गोड लागलं तर ठेवून द्या परत. अर्थात खऱ्या केशरालाच वरनं रंग मारला असेल तर ते घरात पकडणं अवघड, त्यासाठी लॅब लागते, आयएसओ ३६३२ नावाचं मानक आहे त्याप्रमाणे रंग, चव, वास तिन्ही मोजतात.

आणखी दोन गोष्टी पटकन. डबीवर मोंगरा लिहिलेलं असेल तर त्यात फक्त लाल भाग, लच्छा असेल तर खालच्या पिवळ्या देठासकट, त्यामुळं थोडं स्वस्त. आणि इराणी म्हणजे नकली नव्हे, चांगलं इराणी केशर अप्रतिम असतं, फक्त ते काश्मिरीच्या भावात आणि काश्मिरीच्या नावानं विकू नये एवढंच. पूजेच्या दुकानातल्या पुडीतलं केशर मात्र गंधापुरतंच ठेवा, खाण्यात नको.

आता स्वयंपाक, माझा खरा जिव्हाळ्याचा विषय. बहुतेक घरात केशर वाया जातं ते उकळत्या दुधात वरनं काड्या भुरभुरल्यामुळं. दिसायला छान दिसतं, फोटो पण चांगला येतो, पण रंग आणि वास निम्मा त्या काडीतच अडकून राहतो, आणि जो वास सुटतो तो पुढं अर्धा तास आटवण्यात उडून जातो. मी असं करते: काड्या छोट्या वाटीत घालून ती वाटी गरम पातेल्याच्या झाकणावर मिनिटभर ठेवायची, काड्या कुरकुरीत होतात, थेट गॅसवर तव्यात भाजायच्या नाहीत, जळतात लगेच. मग खलबत्त्यात चिमूटभर साखर घालून कुटायचं, साखरेच्या कणांनी केशर बारीक होतं नाहीतर ते बत्त्याला नुसतं चिकटून राहतं. त्यावर दोन चमचे कोमट पाणी. दूध नाही, पाणी. आपल्याकडचं म्हशीचं दूध इतकं साईचं असतं की त्यात रंग उतरायला वेळ लागतो, पाण्यात झटकन उतरतो, क्रोसिन पाण्यात विरघळणारं हे वर सांगितलं ते इथं कामाला येतं. वीस मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण काढलं की जो वास येतो तो, कसा सांगू, स्वयंपाकघरातला माणूस बोलायचा थांबतो. इराणमध्ये तर कुटलेलं केशर बर्फाच्या खड्यावर टाकतात आणि बर्फ आपोआप वितळू देतात, गरम न करता रंग सुटतो, उन्हाळ्यात मी तसंही करते, पन्ह्यासाठी ते लई भारी लागतं.

बासुंदी करताना दूध आटून झालं, साखर विरघळली, गॅस बंद करायला पाच मिनिटं राहिली की मग हे केशराचं पाणी घालायचं. लिटरभर दुधाला पंधराएक काड्या पुरतात, त्याच्या वर गेलात तर कडवटपणा जाणवायला लागतो, आणि केशर जास्त म्हणजे बासुंदी भारी हा समज पैशाचा पण आणि चवीचा पण नाश करतो. वेलदोडा घातला तर अगदी थोडा. जायफळ घालायचं असेल तर केशर घालूच नका असं माझं ठाम मत आहे, जायफळापुढं केशर टिकत नाही, आणि ज्यांना दोन्ही लागतं त्यांना खरं म्हणजे केशराचा वास कधी नीट मिळालेलाच नसतो. नरसोबाच्या वाडीची बासुंदी खाऊन मोठे झालेलो आपण, आपल्याला आटवलेल्या दुधाची स्वतःची चव माहितीय, त्या चवीला झाकून टाकेल एवढा मसाला कशाला.

श्रीखंडात पण हेच, फक्त तिथं पाणी अगदी चमचाभर, नाहीतर चक्का सैल होतो. चक्का आणि पिठीसाखर एकत्र करून दोन तास ठेवा, मग केशर घालून पुरणयंत्रातनं काढा. चक्क्याच्या आंबटपणात केशराची कडवट बाजू इतकी सुंदर बसते की मला बासुंदीपेक्षा श्रीखंडातलं केशर जास्त आवडतं. साखरभातात पण छान. तिथं भात शिजताना थोडं आणि वाफ देताना थोडं असं दोनदा घालते, पहिलं रंगासाठी, दुसरं वासासाठी.

पण गुळात नको. हे कोल्हापूरकर म्हणून लिहिताना मला जड जातंय असं अजिबात नाही, उलट गुळाच्या अभिमानानंच सांगते, आपल्या गुळाला स्वतःचा इतका खणखणीत वास आणि चव आहे की केशर त्यात बुडून जातं. नारळी भात गुळाचा करायचा तर लवंग आणि वेलदोडा, केशर घालायचं तर साखरेचा करा. पुरणपोळीत केशर घातल्याचं हल्ली मेनूकार्डवर बघते, कशासाठी ते कळत नाही, तिथं गूळच राजा.

तिखटात म्हणाल तर तांबड्या रश्श्याच्या वाटेला केशरानं जाऊच नये, कांदा लसूण मसाल्यापुढं काय टिकणार बिचारं. बिर्याणीला मात्र जरूर, पण दमाच्या आधी थरांवर चमच्याचमच्यानं, आणि सगळा भात रंगवायचा नाही, पांढऱ्या भातात मधे मधे पिवळी शितं दिसली पाहिजेत. एकसारखा पिवळा भात दिसला की समजायचं रंगाची बाटली उपडी झालीय. मिठाईच्या दुकानातल्या केशरी पेढ्याबर्फीबद्दल पण मी हाच प्रश्न विचारते, केशर आहे की केशरी रंग, आणि काउंटरवरचा माणूस दोन सेकंद थांबला की उत्तर मिळतं. विचारत जावा खरंच, आपण विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

तालमीतल्या थंडाईत केशर घालावं का, असं एका वाचक मैत्रिणीनं विचारलं होतं, तिचा मुलगा मोतीबाग तालमीत जातो. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, मगज बी, हे सगळं दगडी कुंडीत घोटून घोटून लोण्यासारखं केलेलं, त्यातच पैलवानाची ताकद. केशराचे पैसे बदामात घाला असं मी तिला सांगितलं. शिवाय जुनी माणसं केशराला उष्ण मानतात, आयुर्वेदातही ते उष्णच सांगितलंय, आणि थंडाई कशासाठी पितात ते नावातच आहे.

थंडीत मात्र काश्मिरी कहवा करून बघा. पाण्यात दालचिनीचा तुकडा, दोन वेलदोडे, पाचसहा काड्या केशर घालून उकळी काढायची, गॅस बंद करून हिरव्या चहाची चिमूटभर पत्ती, तीन मिनिटं झाकून गाळायचं, वर बदामाचे काप आणि मध. दूध नाही त्यामुळं केशराची चव उघडी लागते. जावेला बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारून मी हा करून दिला, तेव्हा ती म्हणाली, "अय्या, केशर असं लागतंय होय!"

आणि ठेवायचं कसं, तर काचेच्या पारदर्शक डबीत ओट्यावर नाही. उजेडानं रंग उतरतो, ओलाव्यानं वास जातो. मूळ डबी घट्ट बंद करून स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या कपाटात, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका, काढघाल करताना आत पाणी धरतं. डबीत चमचा सुद्धा कोरडाच घाला, आणि सणाला जपून ठेवू म्हणून वर्षानुवर्षं साठवू नका, दोन वर्षांत संपवाच. घरात आत्ता अशी जुनी डबी असेल तर आधी वाटीत दोन काड्या टाकून बघा, वास येत नसेल तर बासुंदीचं दोन लिटर दूध त्याच्या भरवशावर आटवायला घेऊ नका.